एका गटात पी ०.०३, दुसऱ्यात ०.१४: फरक पडला असं लिहू का?

पेठकर_एमए
नमस्कार मंडळी. एमए सायकॉलॉजी, शेवटचं सेमिस्टर, कोल्हापूर. डेझर्टेशन जमा करायची तारीख डोक्यावर आलीय, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

विषय: श्वासाच्या व्यायामाचा पैलवानांच्या एकाग्रतेवर होणारा परिणाम. दोन तालमी घेतल्या. एकीत ६ आठवडे पहाटे मेहनतीआधी १० मिनिटं श्वासाचा व्यायाम, दुसरीत नेहमीचे जोर, बैठका, लढती. दोन्हीकडं २०-२० पोरं. मोजायला मराठीतली स्ट्रूप टेस्ट लॅपटॉपवर घेतली: 'लाल' हा शब्द निळ्या अक्षरांत येतो आणि बटण निळ्याचं दाबायचं. हौदातनं उठून आलेली पोरं, हाताला सगळी माती, त्यामुळं कीबोर्डवर प्लास्टिक चढवावं लागलं. ते असो.

व्यायामवाल्या तालमीत बटण दाबायचा वेळ सरासरी २४ मिलिसेकंदांनी कमी झाला (फरकाचं एसडी, म्हणजे पोरापोरांतला फैलाव, ४६). पेअर्ड टी-टेस्ट (त्याच पोरांच्या आधीच्या-नंतरच्या आकड्यांची तुलना), पी = ०.०३ (पी म्हणजे खरा बदल नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा जास्त फरक दिसायची शक्यता). दुसऱ्या तालमीत १५ मिलिसेकंदांनी कमी (एसडी ४४), पी = ०.१४. गाईड म्हणतात, एक सिग्निफिकंट (पी ०.०५ च्या खाली), दुसरं नाही, हायपोथेसिस सिद्ध झालं, लिहून टाक. मला काही पटंना. २४ ला होय आणि १५ ला नाही?

बिंदूचौक_बापू
पटंना तेच बरोबर आहे. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, आणि हा घोटाळा दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या प्रबंधात बघितला.

तुझा प्रश्न काय आहे? व्यायामवाली पोरं बिनव्यायामवाल्यांपेक्षा जास्त सुधारली का. तू केलेल्या दोन टेस्टपैकी एकही हा प्रश्न विचारत नाही. प्रत्येक तालीम स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी लढलीय. एका पैलवानानं तिसऱ्याला चीतपट केलं आणि दुसऱ्याची त्याच तिसऱ्याशी बरोबरीत सुटली, एवढ्यावरनं पहिल्यानं दुसऱ्याला पाडलं असं मैदानात पुकारतात का? दोघांची जोड लावावी लागते.

आता कागद घे. पहिल्या गटाची स्टँडर्ड एरर (सरासरी योगायोगानं किती इकडंतिकडं होऊ शकते ते) ४६ भागिले वीसचं वर्गमूळ, म्हणजे १०.३. दुसऱ्याची ९.८. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ: १४.२. गटांतला फरक २४ वजा १५, म्हणजे ९. नऊला १४.२ नं भाग, टी आला ०.६३. डीएफ (४० पोरं वजा २ गट) ३८, पी साधारण ०.५३. ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल उणे २० ते अधिक ३८ मिलिसेकंद. म्हणजे व्यायामानं ३८ चा फायदा झाला असेल तरी तुझे आकडे असेच दिसू शकतात, आणि २० चा तोटा झाला असेल तरीही.

आणि ते १५ कुठनं आले? काही न करता? तीच टेस्ट दुसऱ्यांदा दिली की हात बसतो. तेवढं वजा करण्यासाठीच कंट्रोल ग्रुप असतो, आणि तुम्ही तो घेऊन बाजूला ठेवलात.

मेंदूवाली
माहेर कोल्हापूर, सध्या बेंगळुरूत न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये. बापूंनी हिशोब केलाच आहे, गाईडना दाखवायला पुरावा मी देते. निवेनहाउस, फोर्स्टमन आणि वागेनमाकर्स यांनी २०११ मध्ये नेचर न्यूरोसायन्समध्ये हेच तपासलं. नावाजलेल्या ५ जर्नल्समधले ५१३ पेपर चाळले. त्यातल्या १५७ मध्ये ही चूक व्हायला जागा होती आणि साधारण निम्म्यांनी ती केली होती. सायन्स, नेचर धरून. तेव्हा गाईडवर फार चिडू नकोस.

माझी काळजी वेगळीच आहे. तुझ्याकडं पोरं ४० आहेत, पण तालमी दोनच. व्यायाम ज्या तालमीत, तिथला वस्ताद वेगळा, खुराक वेगळा, झोपायची वेळ वेगळी. जो काही फरक येईल तो श्वासाचा की तालमीचा, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नाही. तिथंच चार-चार तालमी घेऊन चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर गोष्ट निराळी.

सावकाश_घ्या
एवढं कशाला ताणताय? दोन-तीन आउटलायर (बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे आकडे) काढ, पी खाली येतोय का बघ. सगळे करतात.

मेंदूवाली
@सावकाश_घ्या, सगळे करत होते म्हणूनच तर पंचाईत झाली. २०११ मध्येच सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन यांनी अशा पळवाटा वापरून दाखवलं की एक गाणं ऐकल्यानं माणसं जवळजवळ दीड वर्षानं तरुण होतात. सिग्निफिकंट! अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर खोटा निकाल लागायची शक्यता ५ टक्क्यांवरनं ६१ टक्क्यांपर्यंत जाते, हे त्यांनी सिम्युलेशन करून काढलं. पुढं २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले, तर मूळचे ९७ टक्के सिग्निफिकंट होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच उरले.

लाल_माती
आकड्यातलं मला कळत नाही, पण भावा, पोरं कुठल्या वयाची? एका तालमीत कॉलेजची पोरं आणि दुसरीत फुल टाइम पैलवान असं असलं तर बटण दाबायचा वेग पहिल्यापास्नंच वेगळा असणार की.

पेठकर_एमए
तसंच आहे थोडं. पहिलीत बहुतेक अकरावी-बारावीची, दुसरीत मोठी. प्री-टेस्टलाच ३० मिलिसेकंदांचा फरक होता. मग प्री-स्कोअर घालून अँकोव्हा (सुरुवातीचा फरक हिशोबात धरून गटांची तुलना) लावू का? आणि निकालात लिहू काय? हायपोथेसिस टिकलं नाही तर मार्क जातील अशी धास्ती आहे.

बिंदूचौक_बापू
अँकोव्हा लाव, पण जपून. गट चिठ्ठीनं पडलेले नसले तर अँकोव्हा एक उत्तर देतो आणि नुसत्या फरकांची तुलना दुसरं. फ्रेडरिक लॉर्डनं हा पेच १९६७ मध्येच मांडला होता. दोन्ही करून सोयीचं ठेवायचं नाही. दोन्ही केलेस तर दोन्ही छाप.

निकालात असं लिही: "दोन्ही गटांचा प्रतिसादाचा वेळ कमी झाला. गटांमधला फरक ९ मिलिसेकंद होता (९५% कॉन्फिडन्स इंटर्व्हल –२० ते ३८, पी = ०.५३). या आकड्यांवरून व्यायामाचा वेगळा परिणाम दिसून आला असे म्हणता येत नाही." व्यायामाचा परिणाम होत नाही, असं मात्र चुकूनही लिहू नको. एवढ्या रुंद इंटर्व्हलवरनं तेही म्हणता येत नाही. मर्यादांमध्ये दोन तालमी, वयातली तफावत आणि टेस्टचा सराव हे तिन्ही स्वतःहून मांड, म्हणजे व्हायव्हात एक्सटर्नलला विचारायला काही उरणार नाही.

मार्कांचं म्हणशील तर मी परीक्षक असताना असल्या निकालाचे मार्क कधी कापले नाहीत. "सिद्ध झाले" हा शब्द दिसला की मात्र लाल पेन उघडायचो.

आणि ते बार चार्ट काढून टाक. प्रत्येक पोराची प्री ते पोस्ट एक रेघ, दोन तालमी शेजारीशेजारी. एक्सेलमध्ये होतं. कुणाचा वेळ उलट वाढलाय तेही त्यात दिसेल.

लाल_माती
रेघा काढल्यास की तालमीत आणून दाखव. पोरं विचारत असतील कोण पहिला आला म्हणून.