फोडणीचा वास जळक्या रबरासारखा येतो, कोविडनंतर अजून कुणाला?

सुगरण_कोथरूड: एप्रिल २०२१ मध्ये, डेल्टाच्या लाटेत, मला कोविड झाला. घरातल्या मागच्या खोलीत १७ दिवस काढले. ऑक्सिजन ९४च्या खाली गेला नाही, सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. वास मात्र पार गेला. तीन महिन्यांनी परत आला तो असा, की तेलात हिंग पडलं की जळक्या रबराचा भपकारा येतो. कांदा परतताना नाकाला पदर लावते. सासूबाई म्हणतात, "काय खमंग वास सुटलाय गं!" आणि मला रडू फुटतं. आमटीत मीठ पडलंय की नाही हे मी नुसत्या वासावरून सांगायचे हो. मागच्या महिन्यात शेगडीचं बटण अर्धवट उघडं राहिलं. मुलगा शाळेतून आला, दारातूनच ओरडला, तेव्हा कळलं. एका डॉक्टरांनी "मनाचे खेळ" म्हणून झोपेची गोळी दिली. कुणाला कशाचा गुण आला असेल तर सांगा.

कानघसा_नाशिक: ताई, मनाचे खेळ अजिबात नाहीत. याला पॅरोस्मिया म्हणतात. विषाणू मुख्यतः वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या पेशींत शिरतो, कारण तो ज्यांना चिकटून पेशीत शिरतो ते एसीई-२ रिसेप्टर त्यांच्यावर असतात. आधार गेला की वासाची सगळी घडीच विस्कटते. कांदा, लसूण, कॉफी बहुतेकांना छळतात. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी सकाळ-संध्याकाळ हुंगा, प्रत्येक २० सेकंद, तो वास आठवत. चार-सहा महिने नेटाने करा. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण अपाय नाही. एकदा दुर्बिणीने नाक तपासून घ्या. आणि गॅस डिटेक्टर आजच लावा.

वाहक७१: माझा वास आला, पण अंगातलं त्राण गेलं. बरं वाटलं म्हणून एका रविवारी माळा आवरला, पुढचे चार दिवस आडवा. आता अर्धं काम झालं की थांबतो, दम लागायची वाट बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडनंतर रेंगाळणाऱ्या या दुखण्याची (लाँग कोविड) व्याख्या केली, तो कागद दाखवला तेव्हा कुठे घरच्यांना पटलं.

सुगरण_कोथरूड: डिटेक्टर लावला. आज नववा दिवस. लवंग हुंगताना क्षणभर, अगदी क्षणभर, दाढदुखीत आजी तोंडात धरायला द्यायची तो वास आला. लिंबू अजून नुसतं ओलं लागतं. गुलाबाला बाजारातलं गुलाबपाणी चालेल का, की ताजी फुलंच आणू?