अनुभव धागा: मनातले पुस्तक आणि छापून आलेले पुस्तक

निमंत्रण

पुस्तक प्रसिद्ध झालेल्या माणसाला सर्वांत आधी विचारतात ते 'कल्पना कशी सुचली'. या धाग्यात तो प्रश्न मुद्दाम मागे ठेवला आहे. कल्पना क्षणात सुचते. त्यानंतरच्या दोन, पाच, कधी दहा वर्षांत काय घडले हे मात्र क्वचितच कोणी सविस्तर सांगते, आणि नव्याने लिहू लागलेल्यांना नेमके तेच ऐकायचे असते. म्हणून विनंती अशी की, ज्या पुस्तकाचा आपण संकल्प केला होता आणि जे शेवटी छापून आले, त्या दोहोंत फरक कोठे पडला, कोणत्या टप्प्यावर पडला आणि कोणामुळे पडला, हे आपापल्या अनुभवातून लिहावे. किती खर्डे झाले, काय गाळले, कोणाच्या सांगण्यावरून गाळले, असे तपशील यावेत.

टॉलस्टॉयचे उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. रशियात झारविरुद्ध झालेल्या १८२५ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल हद्दपार झालेला आणि १८५६ मध्ये परतलेला एक माणूस त्याला रंगवायचा होता. तो माणूस समजून घेण्यासाठी तो १८२५ कडे गेला, तेथून नायकाच्या तारुण्याकडे म्हणजे १८१२ कडे, आणि तेथूनही मागे १८०५ पर्यंत. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या 'युद्ध आणि शांती'चे कथानक १८२० पर्यंत येऊन थांबते; ज्या परतीच्या प्रसंगासाठी सारा खटाटोप सुरू झाला, तो प्रसंग पुस्तकात येतच नाही. आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत लहान प्रमाणावर असेच घडले असणार.

एक कादंबरीकार

माझ्या मनात आधी एक भूमापक आला. त्याने तरुणपणी केलेली एक मोजणी चुकते, आणि त्या चुकीमुळे दोन सख्खे भाऊ आयुष्यभर एकमेकांशी बोलत नाहीत, एवढेच माझ्याकडे होते. कथा त्या भूमापकाच्याच तोंडून सांगायची, हे मी विचार न करता ठरवून टाकले आणि अडीच वर्षांत सुमारे एक लाख दहा हजार शब्दांचा पहिला खर्डा पूर्ण केला. तो मला स्वतःला आवडत होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

खर्डा मी तीन जणांना वाचायला दिला. 'कसे वाटले' असे विचारले की माणसे आपले मन राखून बोलतात, हे ठाऊक असल्यामुळे मी त्यांच्याकडे मत मागितलेच नाही. वाचता वाचता जेथे थांबाल, तेथे समासात त्या दिवशीची तारीख लिहा, एवढेच सांगितले. तिन्ही प्रती परत आल्या तेव्हा चौथ्या प्रकरणाच्या आसपास तिघांच्याही पाच-पाच, सहा-सहा तारखा एकमेकींना चिकटून पडल्या होत्या, म्हणजे रोज दोन पाने वाचून ते पुस्तक खाली ठेवत होते. कारण शोधताना लक्षात आले की, निवेदकाला स्वतःची चूक पहिल्या पानापासून माहीत आहे. त्यामुळे त्याला शोधायचे काही उरत नाही आणि वाचकालाही नाही. जिला काहीच माहीत नाही, अशा व्यक्तीकडे निवेदन जायला हवे होते. धाकट्या भावाची मुलगी पहिल्या खर्ड्यात फक्त दोन प्रसंगांत होती. दुसऱ्या खर्ड्यात तीच बोलू लागली.

दुसरा खर्डा मी जुना समोर न ठेवता कोऱ्या पानापासून लिहिला, आणि हा सल्ला मी प्रत्येकाला देईन. जुना मजकूर समोर असला की आपण वाक्ये दुरुस्त करत बसतो आणि रचनेला हात लावण्याचे टाळतो. पहिल्या खर्ड्यातली जेमतेम तीस पाने शेवटपर्यंत टिकली. तिसरा खर्डा मोठ्याने वाचून दुरुस्त केला, कारण संवाद कोठे पुस्तकी होतो ते डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते. चौथ्या वेळी संपादकांनी पहिले प्रकरण पूर्णपणे काढायला सांगितले. मी महिनाभर विरोध केला आणि मग काढले. त्यातली जी एक माहिती आवश्यक होती, ती दुसऱ्या प्रकरणात दोन वाक्यांत बसली. सहा वर्षे लागली.

विज्ञानविषयक लेखन करणारी एक लेखिका

कथेतर लेखनात क्रम बराचसा उलटा असतो. पूर्ण हस्तलिखित तयार होण्याआधीच प्रकाशकाकडे प्रस्ताव जातो: विषयाचा गोषवारा, प्रकरणवार आराखडा, एक किंवा दोन नमुना प्रकरणे आणि हे पुस्तक कोण वाचेल याचा विचार. माझा विषय मातीतले सूक्ष्मजीव हा होता आणि आराखड्यात बावीस प्रकरणे होती, कारण काहीच सुटू नये अशी माझी इच्छा होती. संपादकांनी एकच प्रश्न विचारला: 'हे पुस्तक कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर देते?' मला उत्तर देता आले नाही. पुढचे चार महिने मी एक ओळही न लिहिता त्या प्रश्नावर घालवले, आणि शेवटी नऊ प्रकरणांचे पुस्तक झाले.

त्या काळात मला डार्विनच्या उदाहरणाचा आधार वाटला. त्याने १८४२ मध्ये आपल्या उत्क्रांतीच्या सिद्धांताचे छोटे टिपण आणि १८४४ मध्ये दीर्घ निबंध लिहून ठेवला होता, आणि १८५६ पासून तो एका प्रचंड ग्रंथावर काम करत होता. १८५८ मध्ये वॉलेस या दुसऱ्या निसर्गअभ्यासकाचे पत्र आले, तेच निष्कर्ष दुसऱ्यानेही काढल्याचे दिसले, आणि मग त्याने मोठा ग्रंथ बाजूला ठेवून संक्षिप्त पुस्तक लिहायला घेतले. नोव्हेंबर १८५९ मध्ये १,२५० प्रतींची जी पहिली आवृत्ती निघाली, ती त्याच्या दृष्टीने केवळ गोषवारा होती. संक्षेप करावा लागला म्हणून ते पुस्तक सर्वसामान्य वाचकाच्या आवाक्यात आले, असे माझे मत आहे.

लिहिताना प्रत्येक विधानाचा आधार समासात नोंदवून ठेवण्याची शिस्त मी पहिल्या दिवसापासून पाळली. तरीही अंतिम पडताळणीत एक आकडा असा निघाला, जो मी दुसऱ्या एका पुस्तकातून घेतला होता आणि जो मूळ शोधनिबंधात नव्हताच. त्या आकड्यावर माझा एक संपूर्ण परिच्छेद उभा होता. तो काढावा लागला. दुय्यम संदर्भावरून घेतलेली माहिती मूळ ठिकाणी जाऊन पाहिल्याशिवाय छापायला देऊ नये, ही कळकळीची विनंती.

एक कथालेखक

माझा अनुभव थोडा आहे. सर्व चौदा कथा नियतकालिकांतून आधी प्रसिद्ध झाल्या होत्या, त्यामुळे संग्रह म्हणजे केवळ एकत्र बांधणे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात क्रम लावण्यातच तीन महिने गेले. लागोपाठच्या दोन कथांत मृत्यू आला की दुसरा मृत्यू फिका पडतो, हे सुट्या कथा लिहिताना कधीच दिसले नव्हते. शेवटी तीन कथा वगळल्या. त्यांपैकी एक सर्वांत गाजलेली होती, पण संग्रहात ती परकी वाटत होती.

एक अनुवादिका

माझी चूक इतरांनी करू नये म्हणून लिहिते. एक कादंबरी वाचून मी इतकी भारावले की लगेच अनुवादाला बसले आणि आठ महिन्यांत निम्मे पुस्तक उतरवले. मग मूळ प्रकाशकाकडे परवानगीसाठी पत्र पाठवले, तेव्हा कळले की आपल्या भाषेतले अनुवादाचे हक्क वर्षभर आधीच दुसऱ्या कोणाला दिलेले होते. ती दोनशे पाने आजही माझ्याकडे आहेत आणि ती प्रसिद्ध करण्याचा मला कोणताही अधिकार नाही. अनुवादाचा हक्क हा मूळ लेखकाच्या स्वामित्व हक्काचाच भाग असतो. स्वामित्व हक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातही तो मान्य केलेला आहे. म्हणून आधी हक्क मोकळे आहेत का याची चौकशी करावी, नमुन्यादाखल एक प्रकरण करावे, करारात मुदत आणि मानधन स्पष्ट लिहून घ्यावे, आणि मगच पुढे जावे.

एक चरित्रकार

हक्कांचा विषय निघालाच आहे तर पत्रांविषयी सांगतो. माझ्या चरित्रनायिकेने एका मैत्रिणीला तीस वर्षे लिहिलेली पत्रे मला त्या मैत्रिणीच्या कुटुंबाने मोठ्या विश्वासाने सोपवली, आणि खरे तर ती पेटी उघडली त्याच दिवशी पुस्तकाची कल्पना जन्माला आली. पत्रे मिळाली म्हणजे ती छापता येतात, असे मी गृहीत धरले होते. पण पत्राचा कागद ज्याला ते आले त्याच्या मालकीचा असतो, आणि त्यातल्या शब्दांचा स्वामित्व हक्क लिहिणाऱ्याकडे, म्हणजे तिच्या पश्चात तिच्या वारसांकडे, राहतो. मला चार वारसांची लेखी संमती हवी होती. तिघांनी लगेच दिली. चौथ्यांना आईचे काही खाजगी दुःख चव्हाट्यावर येईल अशी भीती होती.

मी त्यांच्याकडे वर्षभर जात राहिलो. संमती मिळवणे हा हेतू होता हे खरे, पण त्या भेटींत त्यांनी मला आईविषयी जे सांगितले, ते एकाही पत्रात नव्हते. शेवटी त्यांनी सहा पत्रे वगळून बाकी सर्वांना परवानगी दिली. त्या सहा पत्रांतला मजकूर मी अप्रत्यक्षपणेही वापरला नाही. पुस्तकाचे मध्यवर्ती प्रकरण त्यामुळे बदलले: जेथे मी पत्रांच्या आधारे एका दुराव्याचे सविस्तर वर्णन करणार होतो, तेथे मुलाच्या आठवणीतले घर आले. काही वाचकांना ते प्रकरण अपुरे वाटते. मला ते तसेच असायला हवे होते असे वाटते, कारण जिवंत माणसांच्या मनाची किंमत देऊन पूर्ण केलेले चरित्र मला नको होते.

मुलांसाठी लिहिणारी एक लेखिका

चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पृष्ठांचे असते, आणि त्यामागे छपाईचे गणित आहे. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पृष्ठे छापून घडी घालतात, त्याला फॉर्मा म्हणतात. दोन फॉर्म्यांचे पुस्तक म्हणजे बत्तीस पृष्ठे. शीर्षकाची आणि श्रेयाची पाने गेली की गोष्टीला सुमारे बारा ते चौदा जोडपाने (समोरासमोरची दोन पृष्ठे) उरतात. मी माझी गोष्ट तेराशे शब्दांत लिहिली होती. चित्रकाराची कच्ची रेखाटने आली तेव्हा 'मांजर भिजले होते, थरथरत होते आणि पायरीखाली लपले होते' हे सारे चित्रात दिसत होते, मग ते वाक्य कशाला ठेवायचे? असे करत साडेचारशे शब्द उरले. पान उलटण्याआधीचा शब्द कोणता असावा, यावर आम्ही दोघांनी सर्वाधिक वेळ घालवला, कारण लहान मूल पुढे काय होणार याची वाट त्या शब्दापाशी पाहते.

एक संपादक आणि मुद्रितशोधक

या बाजूचे थोडे सांगावेसे वाटते. लेखक 'संपादन' हा एकच शब्द वापरतात, परंतु त्यात निदान तीन वेगळी कामे आहेत. रचनेचे संपादन आधी होते: काय गाळायचे, काय वाढवायचे, क्रम कोणता. मग भाषेचे: वाक्ये, पुनरुक्ती, व्यक्तींची नावे आणि वये सर्वत्र जुळतात का. मुद्रितशोधन त्यानंतर, मांडणी झालेल्या पानांवर होते, आणि तेथे फक्त चुका दुरुस्त करायच्या असतात. अनेक लेखकांना छापील पान पाहिल्यावरच नवे परिच्छेद सुचतात. त्यांची ओढ मी समजू शकते, पण पान ११२ वर चार ओळी वाढल्या की पुढची सर्व पाने सरकतात आणि तयार झालेली सूची निरुपयोगी होते, म्हणूनच सूची पृष्ठक्रमांक कायम झाल्यावर करतात. शक्य असल्यास मांडणीला देण्याआधी हस्तलिखित वेगळ्या आकाराच्या अक्षरांत, कागदावर छापून एकदा वाचावे. डोळ्यांना सवयीचे झालेले पान बदलले की त्याच चुका दिसू लागतात.

स्वतःच पुस्तक प्रकाशित केलेले एक लेखक

वरच्या प्रतिसादाशी माझा अनुभव जुळतो. अंतिम प्रूफ तपासून झाल्यावर मी बारा पृष्ठांचे परिशिष्ट जोडले आणि मुखपृष्ठ मात्र जुनेच पाठवले. पुस्तकाच्या कण्याची रुंदी पृष्ठसंख्या आणि कागदाची जाडी यांवरून ठरते. त्यामुळे कण्यावरचे शीर्षक सरकून मलपृष्ठावर गेले. मागणीनुसार छपाई असल्याने पन्नासच प्रती निघाल्या होत्या, एवढाच दिलासा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, याबद्दलही लक्षात ठेवावे: १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी आहे, आणि कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी व ई-पुस्तक यांना प्रत्येकी वेगळा क्रमांक लागतो. केवळ पुनर्मुद्रणाला नवा क्रमांक लागत नाही.

अजून अप्रकाशित असलेले एक लेखक

माझे हस्तलिखित नऊ ठिकाणांहून साभार परत आले आहे. आठ पत्रे ठरावीक मजकुराची होती. नवव्या ठिकाणच्या संपादकांनी मात्र एक परिच्छेद स्वतः लिहिला होता, की कथानकातला भूतकाळ वर्तमानापेक्षा अधिक जिवंत आहे. ते वाचून मी भूतकाळालाच मुख्य कथा करून तिसरा खर्डा सुरू केला आहे आणि सध्या सातव्या प्रकरणात आहे. कादंबरीकारांना एक प्रश्न विचारतो: तारखा लिहायला सांगितलेल्या वाचकांना आपण कथानकाची कल्पना आधी दिली होती का?

कादंबरीकार

नाही, शीर्षकसुद्धा दिले नव्हते. शिवाय दुसऱ्या खर्ड्यासाठी वाचक बदलावेत, कारण पहिला खर्डा वाचलेल्या माणसाच्या मनात जुनी गोष्ट आधीच असते आणि तो नव्यातल्या फटी नकळत भरून काढतो. मी आधीच्या तिघांपैकी एकाच व्यक्तीला पुन्हा दिला, तोही दोन वर्षांनी आणि निवेदक बदलल्याचे न सांगता. त्या प्रतीवर एकूण सात तारखा होत्या, आणि त्यांपैकी एकही चौथ्या प्रकरणात नव्हती.