मदत हवी आहे: पॉलिमर घातलं की कांडीभोवतीचा प्रवाह उलटतोय

मंडळी, टाकीत उभी गोल कांडी मागेपुढे हलवून तिच्याभोवतीचा मंद सरासरी प्रवाह टिपतोय. ग्लिसरीन-पाण्यात बाहेरचा प्रवाह हालचालीच्या रेषेवर कांडीपासून दूर जातो, अगदी पुस्तकी. त्यातच थोडं पॉलिअॅक्रिलामाइड हे लांब साखळ्यांचं पॉलिमर घातलं की चक्क उलटा, कांडीकडे! लवचीक द्रवात असं होतं हे वाचलंय. लवचीकतेचा प्रभाव किती ते सांगणारा डेबोरा अंकही (शिथिलन काळ, म्हणजे द्रवातला ताण विरायला लागणारा वेळ, गुणिले कोनीय वारंवारता) काढलाय. पण हे द्रावण जोरात हलवलं की पातळही होतं. मग करामत लवचीकतेची की घटत्या श्यानतेची (दाटपणाची)? बोगर द्रव लवचीक असूनही त्याची श्यानता जवळपास स्थिर राहते, म्हणून तो करून बघणार आहे. कुणी बनवलाय का? साखळ्या न तुटता पॉलिमर विरघळवायचं कसं? माझ्याकडे तर गुठळ्याच होतात. शिवाय टाकीची भिंत कांडीपासून किती लांब हवी?