मेसरश्मिटची तीनचाकी - थोडी भर
कुणीतरी म्हटलंय की मेसरश्मिट या जर्मन विमान कंपनीने उरलेल्या लढाऊ विमानांच्या काचा लावून आपली छोटी तीनचाकी गाडी खपवली. छे हो, लोणकढी आहे ती! मूळ डिझाईन फ्रिट्झ फेंडचं, तो आधी अपंगांसाठी छोट्या गाड्या बनवायचा, आणि मेसरश्मिटला दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं बनवायला बंदी, मग रेगेन्सबुर्गच्या कारखान्यातून १९५३ ला या तीनचाकीचं केआर१७५ हे मॉडेल आलं न् १९५५ ला केआर२००. खरी गंमत केआर२०० च्या रिव्हर्सची, वेगळा गिअरच नाही, इंजिन बंद करायचं, किल्ली जरा जास्त आत दाबून उलटं चालू करायचं, म्हणजे चारही गिअर मागे जायला हजर! (मागे जाताना चौथा टाकणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.) पुढे विमानांची बंदी उठली, कंपनीने अंग काढून घेतलं, पण फेंडने भागीदारीत एफएमआर नावाची कंपनी काढून १९६४ पर्यंत गाडी रेटली.