निघण्याआधीचे दिवस

ताई, नवरा तैनातीवर निघायला दहा दिवस, मोठा पुन्हा अंथरूण ओलं करू लागलाय, वॉशिंग मशीन बंद पडलंय आणि त्यात तुम्हा दोघांचं कडाक्याचं भांडण. वाचून गलबलून आलं.

नौदलातल्या कुटुंबांविषयी कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी १९८७ साली लिहिताना तैनातीच्या भावनिक चक्राचे सात टप्पे मांडले होते. पहिला विरहाच्या चाहुलीचा, दुसरा मनाने आधीच दूर होण्याचा. तुमचं भांडण मला या दुसऱ्यातलं वाटतं. रागावलेलं असलं की निरोप देणं जरा कमी जड जातं.

आमच्याकडे आदल्या रात्री बाबाचे बूट गायब झाले. सगळं घर उपसलं. धाकटीवर मी खूप ओरडले, तरी तिने तोंड उघडलं नाही. पहाटे बूट तिच्या पांघरुणात सापडले, दोन्ही कवटाळून झोपली होती. ते ओरडणं मला अजून बोचतं.

म्हणून मोठ्याला रागावू नका. ताणाखाली मुलं अशी लहानपणीच्या सवयींकडे मागे जातात, बहुतेकदा हळूहळू सावरतात. लघवीला जळजळ किंवा फार तहान असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

मशीन नंतर दुरुस्त होईल. मुखत्यारपत्रावर नवऱ्याची सही तेवढी आधी घ्या, तो गेल्यावर त्यावाचून फार अडतं. आणि निजतानाच्या चार गोष्टी त्याच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आमची धाकटी रोज तेच ऐकून झोपायची.