प्लेगच्या साली मांडवीच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला मत होतं का?

खारेपाटण:
नमस्कार मंडळी. माझे खापरपणजोबा मांडवीला धान्याच्या वखारीत हमाली करायचे. आमच्या घरात त्यांच्याबद्दल एवढंच सांगतात: गाठीचा ताप आला, गोरे सोजीर खोलीत शिरले, कौलं काढली, भिंतींना चुना फासला, गोधड्या जाळल्या. मग जे जगले ते बोटीने गावी आले. आजी हे सगळं "सरकारनं केलं" असं सांगायची. पण मुंबईच्या म्युनिसिपालिटीत तेव्हा निवडून आलेले सभासद होते, फिरोजशहा मेहतांसारखी माणसं होती, असंही आपण वाचतो. मग लोकांनी निवडलेली माणसं बसलेली असताना हे झालं कसं? ती कोणाची माणसं होती? खापरपणजोबांसारख्यांना त्यांच्याकडे दाद मागता येत होती का? कोणाला माहिती असेल तर नीट समजावून सांगा. घरातल्या पोरांसाठी चार पानं लिहून ठेवायची आहेत.

जुनेकागद:
तुमच्या खापरपणजोबांना मत नव्हतं, आणि त्यांच्या चाळीतल्या इतर भाडेकऱ्यांनाही बहुधा नव्हतं. मी म्युनिसिपालिटीच्या आरोग्य खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर या काळाचं वाचन करत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुंबईत करदात्यांना मत मिळालं ते १८७२ च्या कायद्याने. कॉर्पोरेशनचे सभासद ६४, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. पण मतदार कोण, तर वर्षाला ५० रुपये कर भरणारा. १८८८ च्या कायद्याने ही अट ३० रुपयांवर आली आणि सभासद ७२ झाले: ३६ वॉर्डांतून, १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी (सरकारने नेमलेल्या शहरातल्या मानाच्या दंडाधिकाऱ्यांनी) निवडलेले, २ युनिव्हर्सिटीचे, २ चेंबर ऑफ कॉमर्सचे आणि १६ सरकारने नेमलेले. म्हणजे वॉर्डांतून येणारे निम्मेच, आणि तेही घरवाल्यांच्या, व्यापाऱ्यांच्या, वकील-डॉक्टरांच्या मतांवर.

चाळीचा घरपट्टीचा कागद मालकाच्या नावाचा. त्यातला पैसा भाडेकरूच्या भाड्यातूनच जायचा, मत मात्र मालकाचं. शौचकूप साफ करण्यासाठी हलालखोर कर होता, त्याचीही तीच गत. आता आरोग्याच्या दृष्टीने बघा. मागच्या बाजूला उजेड-वारा येईल एवढी जागा सोडा, मोऱ्या नीट बांधा, एका खोलीत इतकी माणसं ठेवू नका, यातलं प्रत्येक काम मालकाच्या खिशाला हात घालणारं. ज्याच्या मतावर सभासद निवडून येतो त्याच्यावरच ही सक्ती करायची! १८९६ पूर्वी मांडवीच्या मोऱ्या का तुंबलेल्या होत्या, याचं अर्धं उत्तर मला मतदारयादीत दिसतं. उरलेलं अर्धं म्हणजे मिठाच्या दलदलीवर भराव टाकून वसवलेलं शहर.

आणि कारभार सभासदांच्या हातात नव्हताच. खर्चाला मंजुरी त्यांनी द्यायची, अंमल म्युनिसिपल कमिशनरचा, आणि कमिशनर सरकारने नेमलेला. तेव्हा स्नो नावाचा गोरा अधिकारी होता.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी हा प्लेग आहे असं पहिल्यांदा बोलले डॉ. अकासियो व्हिएगस. मूळ गोव्यातले हडफड्याचे, मांडवीत रोगी बघायचे आणि कॉर्पोरेशनचे सभासदही होते. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण रोगी तपासणारा माणूस सभेत बसलेला होता म्हणूनच ते इतक्या लवकर चव्हाट्यावर आलं. पण पुढे काय? ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात स्नोने हुकूम काढला: घरात शिरून रोगी उचलायचा, आर्थर रोडच्या इस्पितळात न्यायचा. लोक हादरले. इस्पितळात नेऊन मारतात अशी वदंता पसरली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला.

लगेच स्नोने हुकूम सैल केला. यात त्याला सगळ्यात मोठी भीती होती ती हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून जातील याची. ते गेले तर मुंबई एका आठवड्यात राहण्याजोगी उरणार नाही, हे तो जाणून होता. त्या लोकांना मत नव्हतं, सभेत त्यांचा कोणी नव्हता, रस्त्यात त्यांची सावली टाळणारे लोक होते. तरीही त्या महिन्यात कमिशनरला वळवण्याची ताकद त्यांच्याच हातात होती. तुमच्या पोरांना हे नक्की सांगा.

मग ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि मार्चमध्ये सरकारने मुंबईसाठी वेगळी प्लेग कमिटी नेमली. अध्यक्ष ब्रिगेडियर जनरल गॅटेकर, लष्करी माणूस. प्लेगचा कारभार कॉर्पोरेशनच्या हातून सरळ काढून घेतला गेला. तुमच्या घरात आठवतात ते सोजीर या कमिटीच्या झडतीपथकांतले असावेत. ज्यांना मत होतं, त्यांच्या मताचीही तेव्हा किंमत राहिली नाही. गॅटेकरनंतर अध्यक्षपदी आला जेम्स कॅम्पबेल, मुंबई इलाख्याचे गॅझेटियर तयार करणारा तोच. घराच्या दारावर "यू.एच.एच." अशी तीन अक्षरं रंगवत, म्हणजे हे घर माणसाने राहण्यालायक नाही.

कमिटीला लोकांशी बोलायला कोणी तरी लागतंच. त्यासाठी जातीजमातींचे शेटिये, मौलवी, पंच बोलावले गेले आणि जातवार प्लेग इस्पितळं निघाली. ज्यांच्या जातीकडे पैसा होता त्यांना आपल्या माणसांच्या हाताखाली मरायला तरी मिळालं. कोकणातून आलेल्या हमालासाठी कोण शेटिया उभा राहणार? मला याचाच राग येतो, अजूनही येतो. ८ लाखांवर वस्तीच्या त्या शहरातून १८९७ च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ निम्मे लोक निघून गेले. तुमच्या घरच्यांनी बोटीत बसून जे केलं, तेच त्यांचं म्हणणं मांडणं होतं असं मी मानतो.

१८९८ मध्ये घाणेरड्या वस्त्या पाडायला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. १४ विश्वस्त, त्यात कॉर्पोरेशनने निवडलेले फक्त ४. नागपाडा, मांडवी-कोळीवाडा इथली घरं याच ट्रस्टने पाडली. ज्यांच्या खोल्या गेल्या त्यांचा १४ जणांत एकही नाही.

पर्वतीपायथा:
जुनेकागद यांनी मुंबईचं छान लिहिलं. पुण्याचं थोडं जोडतो, कारण तिथे एक गोष्ट वेगळी दिसते.

टिळक १८९५ मध्ये पुणे म्युनिसिपालिटीत निवडून गेले होते. दोनच वर्षांत प्लेग आला, रँडच्या हाताखाली प्लेग कमिटी आली, आणि इथेही निवडलेले सभासद बाजूला पडले. पुढचं सर्वांना माहीत आहे: २२ जून १८९७, गणेशखिंडीचा रस्ता.

पण निवडून आलेला म्हणजे गरिबांचा आणि सरकारने नेमलेला म्हणजे सरकारचा, असं धरून चालू नका. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते, तेही सरकारनियुक्त. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा ठराव आला तेव्हा त्यांनी एकट्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. दारूच्या दुकानांविरुद्धही ते बोलले. कोणाच्या मतांवर आले नव्हते, पण ज्यांना मत नव्हतं त्यांच्या वतीने बोलले.

सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात नेलं होतं. रोगी उचलून नेणं ते हेही आणि रँडच्या सोजिरांचं तेही. फरक कोण उचलतंय याचा होता.

महाडचा:
पर्वतीपायथा, तुमचा मुद्दा पटतो. आमच्या गावचं उदाहरण त्याहून टोकाचं आहे. पाणी हा आरोग्याचाच विषय, म्हणून इथे लिहितो.

सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर करून घेतला. महाड म्युनिसिपालिटीने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस चांगला माणूस. पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी घेतलं, त्यावर मारहाण झाली, गोमूत्राने तळं "शुद्ध" केलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच म्युनिसिपालिटीने आपला ठराव मागे घेतला. मत देणारे कोण होते ते ओळखा. शेवटी हक्क मिळाला तो १९३७ मध्ये, हायकोर्टातून. स्वच्छ पाण्याचा हक्क बहुमतावर सोडला तर काय होतं, ते आम्ही महाडला पाहिलंय.

खारेपाटण:
सर्वांचे मनापासून आभार. हलालखोरांचं मला अजिबात माहीत नव्हतं, ते तर पहिल्याच पानावर लिहिणार. एक पुढचा प्रश्न. पणजोबा १९१५ च्या सुमारास परत मुंबईला आले, परळला गिरणीत लागले. त्यांना तरी मत मिळालं का?

जुनेकागद:
१९१९ च्या सुधारणांनंतर आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य ही खाती हिंदी मंत्र्यांकडे आली, आणि १९२२ मध्ये मुंबई कॉर्पोरेशनची अट बदलली: महिना १० रुपये भाडं भरणाऱ्याला मत. मालकाऐवजी भाडेकरू पहिल्यांदा मोजला गेला, हा बदल मोठाच. पण परळच्या चाळीत गिरणी कामगाराची एक खोली बहुतेकदा १० रुपयांच्या आत मिळायची, आणि त्यातही पाच-सहा जण मिळून राहायचे. तुमचे पणजोबा खानावळीत जेवणारे आणि खोलीत जागा भाड्याने घेतलेले असतील तर नाहीच. पुढे ही अट आणखी खाली आली. सगळ्या प्रौढांना मत देऊन मुंबई कॉर्पोरेशनची निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. तेव्हा तुमचे आजोबा २१ वर्षांचे झाले होते का, ते घरी विचारा. झाले असतील तर तुमच्या घरातलं म्युनिसिपालिटीचं पहिलं मत बहुधा त्यांचं, आणि आजीचंही.