इमारतीची भिंत कोसळून सर्व्हर बंद पडला आहे. काम पुन्हा कसे सुरू करावे आणि विम्याचा दावा कसा मांडावा?

प्रश्न : कोल्हापुरातील शाहूपुरीचे लघुउद्योजक

सस्नेह नमस्कार. कास्टिंगचे (धातूच्या ओतीव भागांचे) मशिनिंग करून देणारी आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असून कारखाना गोकुळ शिरगावला आहे, तर हिशेब, खरेदी आणि डिस्पॅचचे कार्यालय शाहूपुरीतील एका जुन्या दुमजली इमारतीत आहे. शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोदाई चालू होती. गेल्या आठवड्याच्या संततधार पावसात आमच्या इमारतीची मागील भिंत खचली, स्लॅबचा काही भाग खाली आला आणि सर्व्हरच्या खोलीत पाणी शिरले. रात्रीची वेळ असल्यामुळे कोणालाही इजा झाली नाही. महापालिकेने इमारत धोकादायक ठरवून रिकामी करण्याची नोटीस लावली असल्याने आम्हाला आत जाता येत नाही.

कारखान्यातील सर्व यंत्रे शाबूत आहेत, तरीही माल गेटबाहेर पडत नाही, कारण बिले, ग्राहकांची शेड्युले (कोणता माल कधी द्यायचा याची वेळापत्रके), तपासणी प्रमाणपत्रे आणि स्टॉक हे सारे त्या एका सर्व्हरवर होते. मागील महिनाअखेरपर्यंतचा हिशेब सनदी लेखापालांकडे आहे. त्यापुढचे काहीही हाती नाही. आगीच्या विम्यासोबत नफ्याच्या नुकसानीचे संरक्षणही घेतलेले आहे, परंतु एजंटच्या मते फक्त संगणकांची किंमत मिळेल. काम लवकरात लवकर सुरू करण्यासाठी प्रथम काय करावे आणि दाव्याबाबत कोणती काळजी घ्यावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : संगणक देखभाल, राजारामपुरी

सर्वप्रथम एक कळकळीची विनंती. सर्व्हर काढून आणण्यासाठी कोणत्याही कर्मचाऱ्याला परस्पर आत पाठवू नका. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर व अग्निशमन दलाच्या उपस्थितीत ठरावीक वस्तू बाहेर काढण्याची परवानगी मागा. अर्जात वस्तूंची यादी आणि त्या कोणत्या खोलीत आहेत हे स्पष्ट लिहिले, तर काम लवकर होते.

सर्व्हर हाती आल्यावर तो चालू करून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. बहुतेक हार्डडिस्कना हवेचा दाब सांभाळण्यासाठी एक बारीक छिद्र असते; त्यातून चुन्या-मातीचे पाणी आत गेलेले असेल आणि तशातच डिस्क फिरली, तर वाचणारे हेड तबकडीवर घासून जे वाचू शकले असते तेही जाते. डिस्क उन्हात ठेवू नये, हेअर ड्रायरही वापरू नये. गाळ तबकडीवर वाळून घट्ट बसला की काम अवघड होते, म्हणून ओली डिस्क ओलसर अवस्थेतच हवाबंद पिशवीत घालून डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावी. डिस्क काढण्यापूर्वी कोणती कोणत्या खाचेत होती याचा फोटो घ्या आणि प्रत्येकीवर क्रमांक लिहा. रेड (RAID) पद्धतीत माहिती अनेक डिस्कवर विभागलेली असते आणि हा क्रम माहीत असला की जुळणीचे काम पुष्कळ सोपे होते.

उत्तर २ : फाउंड्री व्यवस्थापक, शिरोली

सर्व्हर परत येईल या आशेवर काम थांबवून ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली माहिती आपल्या सर्व्हरवर होती हे खरे, पण तिच्या बऱ्याच भागाची दुसरी प्रत आपल्याशी व्यवहार करणाऱ्या कोणा ना कोणाकडे असतेच. ग्राहकाच्या खरेदी विभागाला आजच फोन करून चालू शेड्युले आणि ड्रॉइंगची अद्ययावत आवृत्ती पुन्हा मागवा; ते नाराज होतील या भीतीने गप्प राहिलात तर त्यांची असेंब्ली लाइन अडेल आणि मग मात्र ते खरोखरच दुसरा पुरवठादार शोधतील. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइस पोर्टलवर गेलेली प्रत्येक बिलाची नोंद परत मिळवता येते. पुरवठादारांनी आपल्याला केलेली विक्री जीएसटीआर-२बी या जीएसटी पोर्टलवरील विवरणात दिसते आणि जमा-खर्च बँकेच्या उताऱ्यात असतो.

कारखान्यातही खूप काही असते. सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या) यंत्रांचे प्रोग्रॅम प्रत्येक यंत्राच्या कंट्रोलमध्ये असतात. ते आजच मेमरी कार्डवर काढून घ्या. कास्टिंगवर हीट क्रमांक (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा क्रमांक) उठवलेला असतो आणि त्या हीटचे रासायनिक पृथक्करण आपल्याला माल देणाऱ्या फाउंड्रीच्या स्पेक्ट्रोमीटरला जोडलेल्या संगणकात हीटनिहाय साठवलेले असते, त्यामुळे धातूची प्रमाणपत्रे पुन्हा तयार करून मिळतात. गेटवरील आवक-जावक रजिस्टर, चलनाची पुस्तके आणि वजनकाट्याच्या पावत्या यांवरून स्टॉक जुळवता येतो, तरीही एकदा रात्रपाळीत संपूर्ण प्रत्यक्ष मोजणी करून घ्यावी.

बिलांबाबत एक व्यावहारिक मुद्दा आहे. जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिल क्रमांक आर्थिक वर्षात एकमेव असला पाहिजे, मात्र एकापेक्षा जास्त मालिका चालतात. शेवटचा क्रमांक कोणता होता याचा शोध घेत बसण्यापेक्षा वेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी नवी मालिका घ्या आणि भाड्याच्या लॅपटॉपवर आजच बिले काढायला लागा.

उत्तर ३ : विमा दाव्यांचे काम करणारा

एजंटचे म्हणणे अर्धवट आहे. नफ्याच्या नुकसानीचे संरक्षण घेतले असेल तर काम बंद पडल्यामुळे घटलेला ढोबळ नफा, म्हणजे निव्वळ नफा आणि विमा घेतलेले स्थायी खर्च, हा दाव्याचा विषय आहे. मात्र त्याला एक पक्की अट असते : मालमत्तेच्या नुकसानीचा मूळ दावा आधी मान्य झाला पाहिजे. तो फेटाळला गेला, तर धंदा कितीही बुडाला तरी पुढचा दावा उभा राहत नाही. पॉलिसीच्या शेड्युलमध्ये (तपशिलाच्या पानावर) शाहूपुरीचा पत्ता विमा उतरवलेली जागा म्हणून आहे का, हेही आजच पाहा. तो नसेल तर अडचण आहे.

आपल्या प्रकरणाचा खरा कस भिंत कोसळण्याच्या कारणाचा शोध घेताना लागेल. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या भारत सूक्ष्म उद्यम आणि भारत लघु उद्यम सुरक्षा पॉलिसींत पूर, वादळ आणि जमीन खचणे यांना संरक्षण आहे. परंतु जमीन खचण्याचे कारण खोदकाम, बांधकाम किंवा सदोष बांधणी असेल तर ते वगळलेले आहे. म्हणून 'खोदाईमुळे भिंत पडली' असे वाक्य कोणत्याही पत्रात घाईने लिहू नका, आणि खोदाई झालीच नाही असेही लिहू नका. जे दिसले तेवढेच, तारीखवार आणि फोटोंसह नोंदवा व कारण ठरवण्यासाठी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या. पावसाच्या पाण्यामुळे झालेले नुकसान आणि भिंत खचण्यामुळे झालेले नुकसान अहवालात वेगवेगळे दाखवले जावे. महापालिकेचा पंचनामा आणि पोलिसांतील नोंद यांच्या प्रती जपून ठेवा. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ खालील संरचना स्थिरतेच्या प्रमाणपत्राची विचारणा होईल. ते घरमालकाकडून मिळवा.

खोदाई हेच कारण ठरले, तर रोख शेजारच्या विकासकाकडे वळतो. बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसीत त्रयस्थांच्या नुकसानीचा विभाग असतो, पण शेजारच्या इमारतीचा आधार निघून जाणे किंवा हादरे यांमुळे झालेले नुकसान त्यात आपोआप येत नाही, त्यासाठी वेगळे कलम जोडावे लागते. ते जोडलेले आहे का, हे विकासकाला वकिलामार्फत लेखी विचारा.

संगणकांसाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांची वेगळी पॉलिसी असेल तर तिचे तीन विभाग तपासा : उपकरणे, डेटा पुन्हा भरण्याचा खर्च आणि पर्यायी संगणक वापरण्याचा वाढीव खर्च. दुसरा आणि तिसरा विभाग बऱ्याचदा घेतलेलाच नसतो.

प्रश्नकर्त्याची पुढील विचारणा

सर्वांचे मनापासून आभार. नवीन मालिकेत बिले सुरू केली आहेत आणि दोन ग्राहकांनी शेड्युले पाठवली आहेत. उजळाईवाडीला तात्पुरते कार्यालय भाड्याने घेत आहोत. हे भाडे दाव्यात धरता येईल का? तसेच यापुढे डेटाची प्रत कारखान्यात ठेवली तर पुरेसे होईल का?

उत्तर : विमा दाव्यांचे काम करणारा

विक्रीतील घट टाळण्यासाठी केलेला वाढीव खर्च धरता येतो, पण त्या खर्चामुळे जेवढा नफा वाचला त्याच मर्यादेपर्यंत. म्हणून भाड्याचा करार करण्यापूर्वी नुकसानीची पाहणी करणाऱ्या विम्याच्या सर्व्हेअरला ई-मेलने कळवा आणि ग्राहकांनी रद्द केलेल्या किंवा पुढे ढकललेल्या ऑर्डरींची पत्रे जपा. तोंडी सांगितलेल्या ऑर्डरी शेवटी कोणी धरत नाही. मागील १२ महिन्यांची महिनावार विक्रीही लागेल, ती जीएसटी विवरणपत्रांतून काढा.

उत्तर : संगणक देखभाल, राजारामपुरी

कारखान्यातील प्रत उपयोगी आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली, शाहूपुरीत पाणी आले आणि शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला होता. एक प्रत कारखान्यात आणि एक जिल्ह्याबाहेर, क्लाउडवर, असावी. कंपनी असल्यामुळे हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे कायद्यानेही बंधनकारक आहे. क्लाउडची निवड करताना सेवा देणाऱ्याकडून सर्व्हर भारतातच असल्याचे लेखी घ्या आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून, त्यातून एक बिल छापून पाहा.